वासरांच्या हगवणीतील क्रिप्टोस्पोरिडियम : उपप्रकाराची तपासणी करून घ्यावी का?

प्रश्न : पशुपालक, पारोळा

नमस्कार. आमच्या गोठ्यात संकरित गाई आणि काही म्हशी आहेत. पावसाळा सुरू झाल्यापासून आठवडा-दोन आठवड्यांच्या वासरांना पिवळसर, पाण्यासारखी हगवण लागते, प्रतिजैविकांनी उतार पडत नाही आणि वासरू डोळे खोल जाऊन आडवे पडते. डॉक्टरांनी शेण रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि क्रिप्टोस्पोरिडियम असल्याचे सांगितले. त्याच सुमारास वासरांना दूध पाजणाऱ्या माझ्या पुतण्यालाही जुलाब लागले. या परजीवीचा उपप्रकार जनुकीय तपासणीने ओळखता येतो, असे वाचनात आले. त्यातून नेमके काय कळते आणि वासरांच्या उपचारात त्याचा उपयोग होतो का?

उत्तर : पशुवैद्यक, धुळे

उपचाराचा प्रश्न आधी घेतो, कारण वासरू वाट पाहत नाही. उपप्रकार कोणताही असला तरी गोठ्यात करायचे तेच असते : क्षार-पाण्याचे द्रावण वेळच्या वेळी द्यावे, दूध तोडू नये, आजारी वासरू वेगळे बांधावे आणि त्याची भांडी वेगळी ठेवावीत. नेहमीची प्रतिजैविके या परजीवीवर चालत नाहीत. हॅलोफ्युजिनोन हे औषध काही देशांत वासरांसाठी मान्यताप्राप्त आहे, परंतु त्याची मात्रा थोडी जास्त झाली तरी विषबाधा होते आणि पाणी कमी होऊन खंगलेल्या वासराला ते देऊ नये, म्हणून ते स्वतःच्या मनाने वापरू नका. रोटाव्हायरस आणि कोरोनाव्हायरस यांच्यामुळेही याच वयात, तर ई. कोलायमुळे मुख्यतः जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत हगवण लागते आणि पुष्कळदा दोन कारणे एकत्र असतात, तेव्हा त्यांचीही तपासणी सांगा.

मात्र ‘क्रिप्टोस्पोरिडियम आहे’ एवढ्यावर निदान पूर्ण होत नाही, हे माझे स्पष्ट मत आहे. आम्लरोधी रंगपद्धतीत त्याची ऊसिस्ट (शेणातून बाहेर पडणारी, टणक कवचाची अवस्था) सुमारे ५ मायक्रोमीटरच्या लालसर ठिपक्यांसारखी दिसतात. परंतु पार्व्हम, बोव्हिस आणि रायने या तिन्ही जाती त्या काचपट्टीवर जवळजवळ सारख्याच दिसतात. लहान वासराला आजारी पाडते ती मुख्यतः पार्व्हम आणि तीच माणसालाही होते. बोव्हिस आणि रायने सहसा थोड्या मोठ्या वासरांत सापडतात आणि त्यांचा फारसा त्रास दिसत नाही.

उत्तर : परजीवीशास्त्राच्या अध्यापिका, जळगाव

वरील उत्तराशी मी सहमत आहे. तपासणीचा भाग थोडा उलगडून सांगते. प्रथम १८एस आरआरएनए नावाच्या जनुकाच्या पीसीआरने (डीएनएच्या अनेक प्रती करून तो ओळखण्याची चाचणी) जात ठरवतात. ती पार्व्हम निघाली तर जीपी६० या जनुकाचा क्रम वाचतात. परजीवीच्या पृष्ठभागावरील एका ग्लायकोप्रथिनाचा हा जनुक आहे आणि त्यात टीसीए आणि टीसीजी हे डीएनएचे तीन अक्षरी तुकडे पुन्हा पुन्हा येतात. अहवालात ‘टू-ए ए१५जी२आर१’ असे आले, तर टू-ए हे उपप्रकाराचे कुटुंब, टीसीएच्या १५ आवृत्त्या, टीसीजीच्या २ आणि त्यांच्या लगेच पुढे येणाऱ्या एसीएटीसीए या तुकड्याची १, असा त्याचा अर्थ. टू-ए कुटुंब जगभर दुधाळ जनावरांच्या वासरांत आढळते आणि त्यांच्याकडून माणसाकडे जाते. टू-सी कुटुंब मात्र बहुतेक माणसांतच फिरते. म्हणून पुतण्याच्या नमुन्यात टू-सी मिळाले, किंवा हॉमिनिस ही प्रामुख्याने माणसांत आढळणारी जात मिळाली, तर वासरावर ठपका ठेवता येणार नाही आणि पिण्याचे पाणी किंवा घरातील दुसरा रुग्ण तपासावा लागेल.

दोन्हीकडे तोच उपप्रकार आला तर? त्याने संशय बळावतो, सिद्ध काही होत नाही. ए१५जी२आर१ इतका सर्वदूर पसरलेला आहे की केवळ तो जुळला म्हणून संसर्ग वासराकडून आला, असे म्हणता येत नाही. तो उलट दिशेनेही येऊ शकतो, किंवा दोघांना एकाच पाण्यातून झालेला असू शकतो. शिवाय जीपी६० हा एकच जनुक आहे, आणि या परजीवीत लैंगिक पुनरुत्पादनामुळे जनुकांची सरमिसळ होते. एकाच वासरात दोन उपप्रकार असतील, तर नेहमीच्या क्रमवाचनात बहुधा जास्त असलेलाच दिसतो. त्यामुळे एकाच वासराच्या शेणावर न थांबता अनेक वासरांचे नमुने वेगवेगळे पाठवावेत, ही माझी आग्रहाची सूचना आहे.

उत्तर : दुग्धव्यावसायिक, शहादा

वासरांच्या जागेवर ब्लीचिंग पावडर टाकून निर्धास्त होऊ नका; क्लोरीनला हा परजीवी दाद देत नाही. उकळते पाणी आणि कडक वाळवण यांनी तो मरतो. आमच्याकडे उन्हाळ्यात रिकामी दावण उन्हात कोरडी ठणठणीत होते, पण पावसाळ्यात जमीन ओली राहते, म्हणून आम्ही वासरांना सिमेंटच्या उतारावर, कोरड्या भुशावर ठेवतो आणि व्याल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत पोटभर चीक पाजतो. चिकाने हा संसर्ग पूर्ण टळत नाही, तरी वासरू तगून राहते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुतण्याला सरकारी दवाखान्यात दाखवतो. नमुना मात्र फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा का?

उत्तर : परजीवीशास्त्राच्या अध्यापिका, जळगाव

नाही, फॉर्मॅलिनमुळे डीएनए खराब होतो आणि पीसीआर फसतो. हगवण सुरू असतानाच, कोणतेही औषध देण्यापूर्वी, हातमोजे घालून थेट गुदमार्गातून शेण घ्यावे. जमिनीवरचे घेऊ नये. ते स्वच्छ, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवून बर्फाच्या पेटीतून लगेच न्यावे. उशीर होणार असेल तर ७० टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉलमध्ये ठेवावे. २.५ टक्के पोटॅशियम डायक्रोमेटही चालते, मात्र ते विषारी असल्याने प्रयोगशाळेतूनच मागून घ्यावे. डबीवर वासराचे वय आणि हगवण सुरू झाल्याची तारीख लिहा. जीपी६० सगळीकडे होत नाही, तेव्हा पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या परजीवीशास्त्र विभागाला आधी फोन करून, त्यांच्याकडे ही चाचणी होते की केवळ रंगपद्धत, हे विचारून मगच पाठवावे. पुतण्याचा नमुना डॉक्टरांमार्फतच जाऊ द्या आणि तोवर त्याने दूध पाजल्यावर साबणाने हात धुवावेत व पाणी उकळून प्यावे.