सात ते दहा वर्षांच्या मुलांना शिवाजी महाराज सांगायचे तर सुरुवात कुठून?

पाटीपेन्सिल
नाशिकच्या इंदिरानगरमधल्या सोसायटीच्या वाचनालयात शनिवारी सकाळी 45 मिनिटे मुलांसाठी वाचन असते. मुले वीसेक, बहुतेक इंग्रजी माध्यमाची. मराठी कळते, वाचताना अडखळतात. फेब्रुवारीचे चार शनिवार महाराजांसाठी ठेवलेत. अडचण अशी की खान, बोटे आणि पेटारे सगळ्यांना तोंडपाठ. "हे माहितीये!" म्हणून चुळबुळ सुरू होते, आणि सनावळ्या काढल्या की जांभया. कोणते प्रसंग घ्यावेत? आणि अफजलखानाचा वध सात वर्षांच्या मुलापुढे कसा सांगायचा?

सातमाळा
जन्मापासून सुरू करू नका. शिवनेरीपासून निघालात की चौथ्या शनिवारी आग्रा, राज्याभिषेक सगळे एका दमात उरकावे लागते.

पहिला शनिवार घराजवळचा घ्या: वणी-दिंडोरीची लढाई, 17 ऑक्टोबर 1670. नाशिकच्या मुलांनाही ती सहसा ठाऊक नसते, त्यामुळे "माहितीये" बंद. सुरतेची दुसरी लूट घेऊन महाराज बागलाणातून परत येत होते आणि मोगलांचा दाऊदखान कुरेशी चांदवडकडून वाट अडवायला निघाला. गाठ पडली सातमाळा रांगेतल्या कांचनबारीपाशी. आग्रा रोडने चांदवडला जाताना डाव्या हाताला दिसते तीच ही रांग. मुलांनी ती गाडीच्या खिडकीतून पाहिलेली असते, फक्त तिचे नाव कुणी सांगितलेले नसते.

मोठ्या कागदावर पाचच नावे लिहा: सुरत, मुल्हेर, कांचनबारी, चांदवड, नाशिक. सहावे नाव आले की मुले नकाशा सोडून नावे वाचत बसतात. मग विचारा: ओझ्याने लादलेली घोडी, पुढे अरुंद खिंड, मागून शत्रू; तुम्ही काय कराल? निम्मी मुले "पळायचं" म्हणतील, निम्मी "लढायचं". महाराजांनी दोन्ही केले. लूट पुढे काढून दिली आणि स्वतः घोडदळ घेऊन मागे उभे राहिले. उत्तर आधी सांगून टाकलेत तर तास फुकट गेला.

दुसऱ्या शनिवारी आग्रा, पण संभाजीराजांच्या बाजूने. 12 मे 1666 ला दरबारात गेले तेव्हा त्यांना नऊ वर्षे पूर्ण व्हायला दोन दिवस होते. पेटाऱ्यांवर फार रेंगाळू नका. आग्रा इथून हजारेक किलोमीटर, वाटेत चौक्या, आणि बरोबर आपल्याएवढा मुलगा: खरी धाकधूक तिथे आहे.

गोदाकाठचा वाचक
वरच्याशी सहमत, पण सनावळ्या अगदीच टाकू नका, त्या हाताला लागू द्या. पाच मीटर सुतळी, 10 सेंटिमीटरला एक वर्ष, कपड्यांचे चिमटे आणि कार्डे. 1630 ते 1680 बरोबर बसते. आधी प्रत्येक मुलाने स्वतःच्या वयाएवढी सुतळी मोजायची. आठ वर्षांचा असेल तर 80 सेंटिमीटर. मग कांचनबारीचे कार्ड चार मीटरच्या जरा पुढे लागते आणि "बापरे, एवढे मोठे होते?" असा प्रश्न आपसूक येतो. सातपेक्षा जास्त कार्डे लावू नका. 1659 ते 1666 मध्ये गर्दी होते आणि पहिला दीड मीटर रिकामा राहतो. तो भरायच्या मोहात पडू नका, नाहीतर दंतकथा घुसतात.

दंतकथांवरून आठवले. तानाजींची घोरपड पोवाड्यातली आहे. सांगायची तर "पोवाड्यात असं गातात" म्हणून सांगा. मुलांना हा फरक मोठ्यांपेक्षा लवकर कळतो.

शब्दांचेही बघा. प्रहर म्हणजे तीन तास, कोस म्हणजे साधारण तीन किलोमीटर, बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. एका बैठकीत चार शब्द पुरे. सलग वाचन आठ मिनिटांच्या वर नेले की मागची रांग हातातून गेलीच.

पाटीपेन्सिल
सुतळी करतेच. पण खानाचे काय? दोन पालकांनी "रक्तबिक्त नको" म्हटलंय, आणि मुलांमध्ये सगळ्या धर्मांची आहेत.

सातमाळा
तो तिसऱ्या शनिवारी घ्या आणि वेळ तयारीवर घालवा, वधाला दोन वाक्ये द्या. खानाला वाईहून जावळीच्या जंगलात का आणले? मोठी फौज तिथे पसरू शकत नाही म्हणून. प्रत्येकाबरोबर दहा अंगरक्षक ठरले होते. महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली, म्हणजे पागोट्याखाली, लोखंडी जिरेटोप घातला होता. "खानाने दगा केला, महाराज सावध होते, खान मारला गेला." पुढे लगेच सांगा की प्रतापगडाच्या पायथ्याशी त्याची कबर बांधली गेली.

धर्माचा प्रश्न उपदेशाने सुटत नाही, नावांनी सुटतो. महाराजांच्या त्या दहा अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता, आणि खानाचा वकील, म्हणजे बोलणी करणारा दूत, होता कृष्णाजी भास्कर. दोन नावे फळ्यावर लिहा आणि विचारा, कोण कुणाकडे? मुले चुकतात. चुकू द्या.

गोदाकाठचा वाचक
चौथ्या शनिवारी राज्याभिषेक नको, सिंहासन आणि छत्राची चित्रे कुठेही मिळतात. त्याऐवजी चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना महाराजांनी पाठवलेले पत्र वाचा. राज्याभिषेकाच्या आगेमागेचे आहे. आत्ताच दाणागवत उधळलेत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, आणि रयत म्हणेल यापेक्षा मोगल बरे. त्यात उंदीरही आहे! रात्री दिवा जळता ठेवाल, उंदीर वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, असे राजा लिहितो.

मूळ भाषा मुलांना जड जाते. तीनच वाक्ये मूळची ठेवा, बाकी सोपे करून सांगा. मग प्रत्येकाने आपल्या सोसायटीच्या वॉचमनला अशाच थाटाचे पाच ओळींचे पत्र लिहायचे: काय जपायचे, आणि न जपल्यास काय होईल. "न जपल्यास" हा भाग मुले गाळतात आणि पत्र नुसत्या सूचनांची पाटी होते. तेवढे मात्र परत लिहायला लावा.