वर्गासाठी वाचलेल्या अभिजात कादंबऱ्या: मोठ्या वयात शिकणाऱ्यांचे अनुभव

नोकरी, संसार, आजारपणं यांतून वाट काढत साहित्य शिकायला पुन्हा वर्गात बसलेली बरीच मंडळी आपल्यात आहेत. त्यांच्यासाठी हा धागा. मनात आलं म्हणून पुस्तक उचलणं वेगळं आणि अभ्यासक्रमाला लावलेली कादंबरी वाचणं वेगळं. तारीख ठरलेली असते, कंटाळा आला म्हणून बाजूला ठेवता येत नाही, आणि शेवटी आपल्या निम्म्या वयाच्या मुलांसमोर त्यावर बोलावं लागतं. तुम्ही काय वाचलंत, कुठे अडलात, नव्यानं काय दिसलं, ते लिहा. आवडलं नसेल तर तेही लिहा.

सुरुवात मी करते. आम्हाला 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (1813) होती. विशीत वाचली तेव्हा मी पूर्णपणे तिची नायिका एलिझाबेथ हिच्या बाजूची होते. तिची मैत्रीण शार्लट त्या कंटाळवाण्या पाद्री कॉलिन्सला लग्नाला होकार देते तेव्हा एलिझाबेथइतकीच मीही हादरले होते. या वेळी मात्र शार्लटपाशीच थांबले. वय 27, रूप बेताचं, गाठीला पैसा नाही. लग्नानंतर ती स्वतःला बसायला पुढची छान खोली न घेता मागची घेते. एलिझाबेथला आधी नवल वाटतं, मग कारण कळतं: शार्लटची खोली तितकीच छान असती तर नवरा सारखा तिथेच येऊन बसला असता. एलिझाबेथ मनातल्या मनात तिला दाद देते. पूर्वी हा तपशील माझ्या नजरेतून पार निसटला होता. वर्गातली मुलं शार्लटला घाबरट म्हणत होती, तेव्हा मी तो भाग मोठ्यानं वाचून दाखवला. एक संसार कसा निभावला जातो ते त्या चार ओळींत आहे. पुढचा सगळा तास त्या खोलीवरच बोलण्यात गेला.

रात्रपाळी:

ताई, शार्लटबद्दल अगदी पटलं. माझ्या बाबतीत ती जागा 'अॅना कॅरेनिना'मधल्या डॉलीनं, अॅनाच्या भावजयीनं, घेतली. मी रुग्णालयात काम करते. वाचन होतं ते पाळी संपल्यावर, झोप यायच्या आधी. सहाव्या भागात डॉली घोडागाडीनं अॅनाकडे जायला निघते. घरी मुलांच्या गराड्यात तिला विचार करायला उसंतच नसते. या प्रवासात ती पहिल्यांदा स्वतःच्या आयुष्याचा हिशोब मांडते. बाळंतपणं, आजारपणं, गेलेलं मूल. मग नवरा सोडून प्रियकराबरोबर राहणाऱ्या अॅनासारखं आपणही का करू नये, इथपर्यंत तिचं मन धावतं. आणि अॅनाच्या श्रीमंती घरात एक दिवस काढल्यावर तिला कधी एकदा घरी जातो असं होतं. कादंबरी अॅनाच्या नावाची आहे खरी, पण मी समासात सगळ्यांत जास्त लिहिलं ते डॉलीच्या या प्रकरणाशेजारी.

एक उपयोगाची गोष्ट. रशियन कादंबरी सुरू करताना पुस्तकाच्या आतल्या कोऱ्या पानावर नावं लिहून काढा. एकाच माणसाला घरचे एक म्हणतात, बाहेरचे दुसरं. 'क्राइम अँड पनिशमेंट'मधला रास्कोल्निकोव्ह, रोदियन रोमानोविच, रोद्या, हा सगळा एकच मनुष्य. एकदा यादी केली की पुढे अडत नाही.

आणि हेही कळलं की 'अॅना कॅरेनिना' मुळात 1875 ते 1877 अशी एका मासिकातून येत होती. शेवटचा भाग संपादकाला राजकीय मतभेदामुळे छापायचा नव्हता, तो टॉलस्टॉयनं वेगळा काढला. आमच्या बाईंनीही दर आठवड्याला एकच भाग दिला, पुढचं वाचायचं नाही असं बजावून. मला ते फार मानवलं. कामाच्या वेळी मन त्या माणसांमध्ये राहायचं.

उशिरा आलेला:

माझं शिक्षण लहानपणी सुटलं. पुढे मोठा झाल्यावर बाहेरून परीक्षा देत देत इथवर आलो. म्हणून 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'बद्दल सविस्तर लिहितो, कारण त्यातल्या ज्यो लोहाराबद्दल वर्गात कुणीच बोललं नाही.

कादंबरीचा नायक पिप, त्याच्या बहिणीचा हा नवरा. लिहिता-वाचता येत नाही. सुरुवातीला लहानगा पिप पाटीवर मोडकंतोडकं पत्र लिहून त्याला दाखवतो, तर ज्यो त्यात फक्त स्वतःच्या नावाची अक्षरं ओळखतो आणि त्यातच हरखून जातो. शाळा का राहिली तेही सांगतो: बाप दारू पिऊन मारायचा, आई त्याला घेऊन पळून जायची, कुठे शाळेत घालायची, की बाप पुन्हा शोधून घरी आणायचा. एवढं सगळं सांगूनही बापाबद्दल कडवट बोलत नाही.

मुलांना वाटतं कादंबरी पिपच्या शिक्षणाची आहे. पिप शहरात जातो, साहेब होतो, ज्यो भेटायला आला की त्याला लाज वाटते. पण शेवटाकडे पिप आजारी पडतो तेव्हा ज्यो त्याची शुश्रूषा करायला येतो आणि एक दिवस त्याच्याच टेबलाशी बसून पत्र लिहायला घेतो. मधल्या काळात बिडी नावाच्या गावातल्या मुलीनं त्याला लिहायला शिकवलेलं असतं. तो बाह्या वर सारतो, पहार किंवा घण उचलायचा असावा तसा पेन धरतो, कोपर टेबलाला घट्ट टेकवतो, पाय मागे ताणतो. एकेक रेघ तो किती जपून ओढतो ते डिकन्सनं असं लिहिलंय की मला तिथे पुस्तक मिटून उठावं लागलं. मी तसाच शिकलोय. आधी अंग शिकतं, खांदा दुखतो, मग अक्षर येतं. आणि पिप अंथरुणावरून ते बघतो आणि त्याला आनंदानं रडू येतं.

आमच्या सरांनी विचारलं, या कादंबरीत सुशिक्षित कोण? मी ज्यो म्हणालो आणि त्यावरच निबंध लिहिला. माझ्या सगळ्या अभ्यासक्रमातलं मला सर्वांत प्रिय लिखाण ते.

जुनी वही:

दादा, तुमचा निबंध वाचायला मिळाला तर फार आवडेल.

माझं थोडक्यात. प्रबंधाचं काम चालू असताना 'मिडलमार्च' (1871-72) लागली. त्यातला कॅसॉबन सगळ्या पुराणकथांची गुरुकिल्ली सांगणारा ग्रंथ वर्षानुवर्षं रचतोय, आणि जर्मन न येत असल्यानं ते काम जर्मन विद्वानांनी केव्हाच केलंय हे त्याला ठाऊकच नाही. वर्गात सगळे त्याला हसत होते. मला भीती वाटली, खरंच. पण 29व्या प्रकरणात लेखिका त्याच्या तरुण बायकोबद्दल, डोरोथियाबद्दल, बोलता बोलता मध्येच थांबते, नेहमी तिचीच बाजू का, असं विचारते आणि कॅसॉबनच्या मनात शिरते. तरुणांचीच दुःखं तेवढी मोलाची का मानायची, असा तिचा रोख आहे. या वयात ते वाचून मला आधार मिळाला.

पान्हा:

मी कारखान्यात देखभालीचं काम करतो, म्हणून 'मोबी डिक' (1851) बद्दल उलट अनुभव. वर्गातल्या बहुतेकांनी मधली माहितीची प्रकरणं सोडून दिली. मला तीच आवडली. 60वं प्रकरण फक्त देवमाशावर फेकायच्या भाल्याला बांधलेल्या दोराचं आहे. तो टबात कसा वेटोळं करून ठेवतात, तिथून वल्हेकऱ्यांमधून होडीभर कसा फिरतो, आणि भाला लागल्यावर सुसाट सुटताना एखाद्याचा हात किंवा पाय कसा घेऊन जाईल. फिरत्या यंत्राजवळ उभं राहून काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मेल्व्हिल स्वतः देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर राबलेला होता आणि ते पानोपानी जाणवतं. नंतरच्या भागांत जहाजाचा कप्तान आहॅब बोलायला लागला की माझं लक्ष दोराकडेच असायचं, आणि शेवटी त्याचा जीव दोरानंच जातो. सोडून दिलेल्या प्रकरणाचा शेवटाशी असा संबंध आहे हे मी मांडलं, तेव्हा दोन-तीन मुलांनी परत जाऊन ते वाचलं.

परतीची वाट:

आमच्या यादीत परदेशी कादंबऱ्यांबरोबर 'रणांगण' होती. विश्राम बेडेकरांची, 1939 ची, म्हणजे महायुद्ध पेटलं त्याच वर्षीची. तरुणपणी मी ती चक्रधर आणि हॅर्टाची प्रेमकथा म्हणून वाचली आणि त्यांच्या ताटातुटीनं व्याकूळ झाले. आता वाचताना ती दोघं ज्यावर भेटतात ते जहाज दिसलं. घरदार गमावलेली ज्यू माणसं, आणि किनारा गाठला तरी ज्यांचं स्वागत नक्की नाही अशी. एवढ्याशा पुस्तकात हे सगळं मावतं. मोठमोठे ग्रंथ वाचून दमलेल्यांना मी आवर्जून हीच सुचवते.

रात्रपाळी:

ज्योबद्दल वाचून पुन्हा आले. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चे दोन शेवट आहेत, त्यावरून आमच्या वर्गात मोठा वाद झाला होता. डिकन्सनं आधी लिहिलेल्या शेवटात पिप आणि तो जिच्यावर प्रेम करतो ती एस्टेला रस्त्यात ओझरते भेटतात. पिपबरोबर ज्यो आणि बिडीचा लहान मुलगा असतो, तो पिपचाच आहे असा एस्टेलाचा समज होतो आणि पिप तो दूर करत नाही. पुढे कादंबरीकार मित्र बुल्वर-लिटनच्या सल्ल्यानं डिकन्सनं शेवट बदलला आणि आपण छापलेला वाचतो तो हा, हातात हात घेऊन निघण्याचा. मुलांना हाच हवा होता. मला आधीचा पटतो, कारण त्यात पिप तिला काही समजावत बसत नाही, आणि तेवढं शहाणपण त्याला ज्योच्या घरातूनच मिळालेलं आहे. दादा, तुमचं मत कोणत्या बाजूनं आहे? इतरांनी वाचली असेल तर त्यांनीही कारणासकट सांगा.