'करेक्शन' म्हणजे नक्की कुणाची चूक?

घाटमाथा
बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून लिहितोय, लांबलंय, सांभाळून घ्या. २०२४ मध्ये आमच्या सातबाऱ्यावर क्षेत्र चुकलेलं सापडलं. जुन्या हाताने लिहिलेल्या उताऱ्यावर ८१ आर आणि ऑनलाइन उताऱ्यावर १८ आर, म्हणजे टाइप करताना आकडे उलटे पडले, बाकी काही नाही. जमीन महसूल संहितेचं १५५ कलम अशाच लेखनप्रमादासाठी आहे, पण त्यासाठी अर्ज, जुन्या फेरफारांच्या नकला, तलाठ्याचा अहवाल, नोटिसा, सुनावणी असं करत करत अकरा महिने गेले. त्या सगळ्या कागदांवर वडील 'अर्जदार'. चूक ज्यांच्याकडे झाली त्यांचा उल्लेख एका ओळीतही नाही. खिडकीवरचा माणूस दर वेळी म्हणायचा, "तुमचं करेक्शन पेंडिंग आहे." आमचं करेक्शन? आम्ही कुठे चुकलो होतो?

त्याच काळात बायकोच्या एसआयपीतले पैसे कमी व्हायला लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये निफ्टी २६ हजारांच्या वर होता, मार्च २०२५ च्या सुरुवातीला २२ हजारांच्या आसपास आला, आणि मोबाईलवर मेसेज, घाबरू नका, हे हेल्दी करेक्शन आहे. तेव्हा लक्षात आलं की हा शब्द सगळीकडे एकच काम करतो, काहीतरी चुकलं होतं एवढं सांगतो आणि कुणाचं चुकलं ते गिळून टाकतो. मराठीत दुरुस्ती आहे, सुधारणा आहे, शुद्धी आहे, भरपाई आहे, प्रत्येकाची जागा वेगळी. माझं म्हणणं असं की करेक्शन सोडून हे शब्द वापरावेत आणि दर वेळी कुणाची चूक तेही सोबत सांगावं.

तेजीमंदी
अजिबात पटलं नाही. सातबाऱ्याचं दुःख समजू शकतो पण बाजाराला त्यात ओढू नका. बाजारात या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे, वरच्या टोकापासून साधारण १० टक्के खाली आलं की करेक्शन, २० च्या पुढे गेलं की बेअर मार्केट. यात कुणी एक माणूस चुकलेला नसतो, लाखो लोकांनी आशेने जास्त भाव दिलेला असतो आणि तो भाव उतरतो. मराठी पेपरात काय येतं? पडझड, हाहाकार, रक्तपात. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० च्या वर अंकांनी पडला, तेव्हा असले मथळे वाचून माझ्या ओळखीतल्या चार जणांनी सगळं विकून टाकलं आणि पुढच्या वर्षभरात हात चोळत बसले. त्यापेक्षा करेक्शन हा थंड डोक्याचा शब्द बरा.

घाटमाथा
मग एक सांगा. भाव खाली असताना तो चुकीचा होता आणि नंतर वर गेला, तर त्या वाढीलाही करेक्शन म्हणायला पाहिजे ना? पण भाव चढला की ती तेजी आणि उतरला की करेक्शन. म्हणजे वाढ ही कमाई आणि घट ही सुधारणा. मला हे पटत नाही. 'घसरण' म्हणा, शांत शब्द आहे, कुणी घाबरत नाही.

साखळीमास्तर
भूमापनात आयुष्य गेलं म्हणून बोलतो. मूळ गडबड इथे आहे की तुम्ही चूक आणि करेक्शन एक धरताय. आमच्याकडे त्या दोन वेगळ्या गोष्टी. ३० मीटरचा पोलादी टेप, तो ज्या तापमानाला प्रमाणित केला त्याच्यापेक्षा २० अंश जास्त उन्हात धरला की साधारण ७ मिलिमीटर लांबतो. चूक कुणाची? उन्हाची? कुणाचीच नाही, पोलाद तापलं की वाढतं. ते ७ मिलिमीटर हिशोबात धरणं म्हणजे तापमानाचं करेक्शन. जीपीएसच्या उपग्रहावरचं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला साधारण ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं, त्याचा हिशोब आधीच केलेला असतो, नाहीतर तुमचा मोबाईल तुम्हाला भलत्याच गावात दाखवेल. इथे करेक्शन लावणारा माणूस हुशार, न लावणारा निष्काळजी.

आणि ८१ चे १८ होणं ही सरळ घोडचूक आहे. तिला करेक्शन म्हणू नका, तिथे तुमच्याशी सहमत.

तिथीवार
साखळीमास्तरांच्या मुद्द्याला जोडून. पंचांगाच्या गणितात याला जुना शब्द आहे, संस्कार. ग्रह गणिताने एका जागी येतो आणि आकाशात थोडा दुसरीकडे दिसतो, तो फरक काढायला मूळ आकड्यांना बीजसंस्कार द्यायचे. जुन्या ग्रंथकाराला कुणी चुकलेला म्हणत नव्हतं, काळ गेला की फरक पडतोच असं धरलेलं होतं. टिळक पंचांगाचा आग्रहही हाच की गणित आकाशाशी जुळलं पाहिजे. वाद त्यावरही भरपूर झाले आणि अजून काही वर्षी टिळक पंचांगवाल्यांच्या घरी गणपती महिनाभर आधी बसतो, तो वेगळा विषय.

शाईचे_डाग
मुद्रितशोधन करते, तीस वर्षं झाली. धागाकर्त्याचा राग खरा आहे पण उपाय चुकलाय असं वाटतं. शब्द बदलून प्रामाणिकपणा येत नाही, शब्दच फिरत राहतात. 'संशोधन' घ्या. मूळ अर्थ नीट शुद्ध करणं. हिंदीत तो घटनादुरुस्तीला वापरतात, संविधान संशोधन. बंगालमध्ये तुरुंगाला संशोधनागार म्हणतात. आणि आपल्याकडे संशोधन म्हणजे रिसर्च. पहिल्यांदा हिंदी बातमीत 'संशोधन विधेयक' ऐकून मला वाटलं शास्त्रज्ञांसाठी काहीतरी कायदा आला.

पण पुण्यातल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात दोन्ही अर्थ एकत्र आलेले दिसतात. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ ला सुरू झालं आणि १९६६ ला पुरं झालं, हजारावर हस्तलिखितं ताडून पाहिली. तिथे वगळलेला श्लोकही फेकला नाही, तळटीपेत किंवा परिशिष्टात ठेवला, कुठल्या पोथीत आहे त्याच्यासकट. मला करेक्शनचा तोच अर्थ सगळ्यात आवडतो.

दुसरं, चूक कुणाची हे दर वेळी सांगता येत नाही. माझ्या आजीची वही आहे, 'कांहीं', 'नांव', सगळे अनुस्वार जागच्या जागी. १९६२ ला साहित्य महामंडळाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. आजी कालपर्यंत शुद्ध आणि आजपासून अशुद्ध? ती चुकली नव्हती, नियम बदलला.

कच्चीकैद
वकील आहे, तुरुंगात कामासाठी जाणं होतं. आपल्या राज्यात खात्याचं नाव आता कारागृह व सुधारसेवा आहे. हेतू चांगला आहे, शिक्षेपेक्षा माणूस सुधारावा हा विचार मला पटतो आणि आत मनापासून काम करणारे अधिकारी मी पाहिलेत. पण देशातल्या कैद्यांपैकी तीन चतुर्थांशाच्या आसपास लोक कच्चे कैदी आहेत, म्हणजे खटला चालू आहे, दोष सिद्ध झालेला नाही. त्यांची कसली सुधारणा करायची? म्हणून मी धागाकर्त्याच्या बाजूने. चूक ठरायच्या आधी करेक्शन सुरू झालं तर ते अन्यायाचं असतं, आणि नाव जितकं गोड तितकं ते कमी दिसतं.

सोनपावलं
मी फक्त वाचणार होते पण राहवलं नाही. माझा मुलगा जन्मला तेव्हा त्याचं उजवं पाऊल आत वळलेलं होतं. डॉक्टर म्हणाले करेक्शन करावं लागेल. घरी ते सांगितलं आणि लगेच सुरू, काय चुकलं, ग्रहणात बाहेर पडलीस का, सुरी हातात धरली होतीस का. मी बाळंतीण, टाके ओले, आणि रोज रात्री तेच डोक्यात, माझंच काहीतरी चुकलं. दर आठवड्याला नवीन प्लास्टर, पाय थोडा थोडा वळवत आणायचा, मग टाचेमागची शीर सैल करायला छोटासा छेद, मग बूट आणि पट्टी, पुढे पुढे फक्त झोपताना, चार वर्षांचा होईपर्यंत. आता शाळेत धावतो.

तिथल्या एका वयस्कर सिस्टर पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, "बाई, पाय सरळ करायचाय फक्त. चुकलं कुणाचंच नाही." त्या वाक्यावर मी उभी राहिले. म्हणून घाटमाथादादा, तुमचं 'दर वेळी कुणाची चूक ते सांगावं' हे मला मान्य नाही. काही ठिकाणी ते शोधायला निघालात की ते आईच्याच पदरात पडतं.

डावरा
ताईंना अनुमोदन. माझा डावा हात पहिलीत पट्टी मारून 'करेक्ट' केला. साठी उलटली, अजून सही करताना उजवा हात परका वाटतो. हात चुकीचा नव्हताच.

तेजीमंदी
ताई, वाचून गप्प झालो. बाजाराबद्दल माझं मत तेच आहे, पण 'हेल्दी' हा शब्द यापुढे माझ्याकडून जाणार नाही. ज्याचे निवृत्तीचे पैसे कमी झाले त्याला हेल्दी म्हणणं बरोबर नाही.

घाटमाथा
सोनपावलं ताई, मान्य. मी 'दर वेळी' म्हणालो ते मागे घेतो. उन्हातला टेप, बाळाचा पाय, आजीचे अनुस्वार, इथे कुणाला शोधायचं नाही. पण जिथे एका माणसाच्या हातून झालं आणि दुसऱ्याने अकरा महिने भरले, तिथे मी हटणार नाही. वडिलांना त्या काळात पीककर्ज मिळालं नाही कारण कागदावर जमीन १८ आर होती. हे करेक्शन या शब्दात कुठे बसतं?

साखळीमास्तर
फील्डबुकात आम्ही चुकलेला आकडा खोडरबराने कधीच पुसत नाही. त्याच्यावर एक आडवी रेघ, आकडा वाचता यायला पाहिजे अशी, वर बरोबर आकडा आणि शेजारी सही. पहिल्या दिवशी हेच शिकवतात. तुमच्या दुरुस्तीच्या फेरफाराची नक्कल काढून बघा, जुना आकडा त्यात दिसतोय का आणि कारण काय लिहिलंय.

घाटमाथा
काढली आज. जुना आकडा आहे, नवा आहे, आदेशाचा क्रमांक आणि तारीख आहे. कारणाच्या जागी लिहिलंय, 'संगणकीकरणावेळी झालेली चूक'. अर्जदाराची, असं नाही लिहिलेलं. वडिलांना वाचून दाखवलं, त्यांनी परत एकदा वाचायला लावलं.