मदत हवी आहे : आईला चार महिने झोप नाही, डॉक्टरांकडे न्यावं का?

करवंद : आई ६२ वर्षांची, बीपीची गोळी चालू आहे. साडेनऊला अंथरुणाला पाठ टेकते, पण बारापर्यंत डोळा लागत नाही. तीनला जाग येते. चारला पुन्हा लागलेली झोप सहाला संपते. रोजचं असंच. दिवसभर डोकं जड, चिडचिड. शेजारच्या काकू त्यांची अल्प्राझोलाम (झोप आणणारी, चिंता कमी करणारी गोळी) देते म्हणतात. द्यावी, की अजून थोडं थांबावं?

निशिगंध : काकूंची गोळी अजिबात देऊ नका. या वयात त्या गोळीने रात्री बाथरूमला उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडू शकतं. काही आठवड्यांतच सवय लागते. मग एकदम बंद केली की झोप आणखी बिघडते, क्वचित फिटही येते.

आठवड्यात निदान तीन रात्री, तीन महिने, आणि दिवसा त्रास, एवढं जुळलं की तो जुनाट निद्रानाश. तुमच्याकडे तिन्ही आहेत, तेव्हा आता थांबू नका.

बीपीच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ आहे का पाहा. असल्यास बहुतेक वेळा त्यात लघवी वाढवणारं औषध असतं. रात्री घेत असतील तर तीनची जाग त्यानेही येत असेल. वेळ मात्र डॉक्टरांना विचारूनच बदला. आणि घोरताना श्वास मध्येच थांबतो का, हे घरच्यांनी ऐकायला हवं. थांबत असेल तर आधी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास वगैरे रात्रभर मोजणारी तपासणी.

तिठा : हिशोब बघा. साडेआठ तास अंथरुणात, झोप पाच तास, म्हणजे ५९ टक्के. रोज साडेतीन तास कूस बदलण्यात जातात आणि अंथरूण म्हणजे जागरण अशी मेंदूला सवय लागते. सीबीटी-आय नावाची, झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी बिनगोळ्यांची उपचारपद्धत हीच सवय मोडते, आणि जुनाट निद्रानाशात गोळीच्या आधी तीच वापरायची असते.

दोन आठवडे झोपेची वही ठेवा, रोज कधी झोपल्या, कधी जाग आली ते लिहून. मग अंथरुणातला वेळ साडेपाच तास करायचा: साडेबारा ते सहा. वीसेक मिनिटांत झोप नाही आली तर उठून मंद उजेडात बसायचं, घड्याळ पाहायचं नाही. आठवडाभर ८५ टक्के, म्हणजे सुमारे चार तास चाळीस मिनिटं झोप लागली की १५ मिनिटं वाढवायची. पहिले काही दिवस दिवसा फार पेंग येते आणि बहुतेक जण तिथेच सोडतात. फिट्स किंवा बायपोलर (मनःस्थिती टोकाची वर-खाली होण्याचा आजार) असेल तर हे करायचं नाही. पडण्याची भीती असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

करवंद : ‘एच’ आहे, आणि रात्रीच घेते! नेताना सोबत काय नेऊ?

निशिगंध : वही, आणि सगळ्या औषधांची पाकिटं, सर्दीचं सिरप, आयुर्वेदिक चूर्णसुद्धा. शेवटचा चहा किती वाजता, दुपारी किती वेळ झोपतात, तेही लिहा. पायांत वळवळ होत असेल तर सांगा, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासतील. थायरॉइडचंही विचारा. ‘जगण्यात राम नाही’ असं काही बोलत असतील तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ रात्रीही लागतो.