पुनर्कथन, पुनःकथन की आणखी काही?

एका किशोरवयीन कादंबरीचं परीक्षण लिहितेय. जुनी गोष्ट, पण घडते आजच्या शहरात, मोबाईल आणि रात्रीच्या शेवटच्या बससकट. इंग्रजीत याला सरळ 'रीटेलिंग' म्हणतात. मी 'आख्यायिकेचं पुनर्कथन' लिहिलं, तर संपादकांनी ते खोडून 'पुनःकथन' केलं. बरोबर काय? आणि 'लेजेंड'ला आख्यायिका म्हणावं की दंतकथा? 'मिथक' मला नको वाटतंय, पण का ते धड सांगता येत नाहीये.

* * *

संपादक बरोबर आहेत. 'पुनर्'मधला र पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन असेल तरच टिकतो: पुनरागमन, पुनर्जन्म, पुनर्विवाह. पुढे क आला की विसर्ग. 'अंतर्गत' लिहितो, पण 'अंतर्करण' कुणी लिहीत नाही, अंतःकरणच लिहितो. तसंच प्रातःकाल.

गंमत अशी की नियम इतका काटेकोर लावायचा तर 'पुनर्रचना'ही चुकते. र-पुढे र आला की पहिला गळतो आणि मागचा स्वर दीर्घ होतो; निर् + रोग = नीरोग, तसं 'पुनारचना' व्हायला हवं. ते आज कुणी लिहिलं तर मुद्रणदोषच वाटेल. त्यामुळे 'पुनर्कथन' रूढ झालंय म्हणून चालवून घ्या असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही. मात्र संपादकांशी तुम्हीही भांडू नका.

* * *

आख्यायिका की दंतकथा, हे कोशापेक्षा वापरावरून लवकर कळतं. 'ही निव्वळ दंतकथा आहे' असं आपण सहज म्हणतो. 'निव्वळ आख्यायिका' म्हणून पाहा, जीभ अडखळते. 'अशी आख्यायिका आहे की…' म्हणणारा खरेखोटेपणाची जबाबदारी घेत नाही, पण गोष्टीचा मान राखतो. उलट एखादा खेळाडू हयातीतच 'दंतकथा' होतो, 'आख्यायिका' कधीच होत नाही.

शिवाय आख्यायिकेचं कूळ खानदानी आहे. अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, 'आख्यायिकोपलब्धार्था' असं येतं, म्हणजे जिचा विषय ठाऊक असलेला, घडलेला आहे ती. म्हणून बाणभट्टाचं हर्षचरित ही आख्यायिका आणि कल्पित असलेली त्याचीच 'कादंबरी' ही कथा. काव्यशास्त्रकार दंडीला हा भेद मान्य नव्हता. एकाच जातीची ही दोन नावं आहेत असं त्यानं काव्यादर्शात स्पष्ट सांगितलं. पुढे मराठीनं दोघींची मजा केली. घडलेल्या गोष्टीचं नाव ऐकीव गोष्टीला दिलं आणि बाणाच्या एका पुस्तकाचं नाव अख्ख्या साहित्यप्रकाराला. तुमच्या परीक्षणात आता या दोघी शेजारी बसणार, 'आख्यायिकेवरची कादंबरी' म्हणून!

मिथक खटकतं ते 'मिथ्या'मुळे. शब्द आला ग्रीक 'मिथॉस'च्या वळणानं, पण मराठी कानाला आधी खोटेपणा ऐकू येतो. अर्थही वेगळा आहे. ग्रीक देवी पर्सेफनी पाताळात गेली म्हणून हिवाळा येतो, हे मिथक (मी पुराणकथा म्हणेन). राजा आर्थर मेला नाही, अॅव्हलॉन बेटावर आहे आणि परत येईल, ही आख्यायिका. ती माणसाला किंवा जागेला चिकटलेली असते. तुमची गोष्ट कुठली?

* * *

टॅम लिन. स्कॉटलंडच्या सीमाभागातलं जुनं कथागीत, फ्रान्सिस चाइल्डनं जमवलेल्या कथागीतांच्या संग्रहात ३९व्या क्रमांकाचं. पऱ्यांच्या राणीनं टॅम लिनला पळवून नेलेलं असतं. पऱ्या दर ७ वर्षांनी नरकाला एक खंडणी देतात आणि या खेपेला आपलाच बळी जाणार अशी त्याला भीती आहे. हॅलोविनच्या मध्यरात्री पऱ्यांची स्वारी निघते. त्याच्या प्रेमात पडलेल्या जॅनेटनं काळा घोडा जाऊ द्यायचा, तपकिरी जाऊ द्यायचा आणि पांढऱ्यावरच्या स्वाराला खाली ओढून मिठी मारायची. मग तिच्या हातात त्याचा साप होतो, अस्वल होतं, सिंह होतो, शेवटी रसरशीत निखारा. सोडायचं नाही. कादंबरीत घोड्यांच्या तीन मोटरसायकली झाल्यात आणि जॅनेट १६ वर्षांची आहे.

आता मला 'फँटसी'साठी 'अद्भुतरम्य'ही लिहवेना. हातात निखारा धरलेल्या मुलीच्या गोष्टीत रम्य काय आहे?

* * *

अगदी! 'अद्भुतरम्य' आणि 'कल्पनारम्य' या दोन्ही शब्दांची शेपटी गोड आहे. अद्भुत रसाचा स्थायिभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली भावना, विस्मय. त्यात रम्य असण्याची अट नाही. नुसतं 'अद्भुत कादंबरी' लिहा, किंवा 'फँटसी'. फँटसी आता मराठीच झालाय. आणि 'परी'चंही बघा. फारसीतून आलेला हा शब्द म्हटला की आपल्याला पंख आणि चांदणीची छडीच दिसते. खंडणीत माणूस देणारी ती ही नव्हे. पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे अर्ध्या वाक्यात सांगून टाका.

जाता जाता 'किशोरवयीन'बद्दल. संस्कृतातल्या एका श्लोकाप्रमाणे कौमार ५ वर्षांपर्यंत, पौगंड १०पर्यंत, कैशोर १५पर्यंत, पुढे यौवन. आपण पौगंडावस्था ऐन मिसरूड फुटण्याच्या वयाला लावून मोकळे झालो. म्हणजे १६ वर्षांची जॅनेट श्लोकाप्रमाणे तरुणी, आपल्या हिशेबानं किशोरी. असो, 'किशोरवयीन' राहू दे, पण 'किशोरवयीन वाचकांसाठीची' असं लिहा. नाहीतर कादंबरीच वयात आल्यासारखी वाटते.

* * *

मला अजून 'रीटेलिंग'चा मराठी शब्दच पटलेला नाही. पुनःकथन म्हणजे तीच गोष्ट परत सांगणं. ते तर आजीही करते. इथे घोड्याची मोटरसायकल झालीय. टीकाकार ज्याला कालविपर्यास (एका काळातली वस्तू दुसऱ्याच काळात घुसवणं) म्हणून दोषांत टाकतात, त्यावरच तर हा सगळा डोलारा उभा आहे. 'रूपांतर' अनुवादवाल्यांनी अडवून ठेवलंय. 'आधुनिकीकरण' सरकारी वाटतं.

* * *

आपल्याकडे साधा 'बेतणे' आहे की. 'टॅम लिनच्या आख्यायिकेवर बेतलेली कादंबरी.' बेतणे हे मुळात शिंप्याचं काम: माप घ्यायचं, कापड पसरायचं, खुणा करायच्या आणि कात्री चालवायची. कापड जुनं, अंग नवं. कुठे आत घेतलं, कुठे सोडलं, काय उरलं, हे सगळं परीक्षणात त्याच शब्दाच्या अंगानं लिहिता येईल.

* * *

लिहिलं. 'आख्यायिकेवर बेतलेली' ठेवलंय, पुनःकथन उडवलं. पुढच्याच वाक्यात 'ही खंडणी टॅम लिनच्या जिवावर बेतते' असं आधीच लिहून बसले होते. संपादकांनी आता दोन्ही 'बेत'ना गोल करून विचारलंय, हा श्लेष मुद्दाम आहे का? हो म्हणून कळवलंय.