विषय: मेळघाटच्या बॅगा

प्रेषक: चिटणीस

मंडळी, नमस्कार.
डिसेंबरअखेर आपल्या अमेरिकेतल्या मंडळाचे आठ जण मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या एका आरोग्य संस्थेत तीन आठवडे कामाला जातायत हे ठाऊक आहेच. प्रत्येकाला २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात. एक आपली, एक मदतीची धरली तर १८४ किलो सामान होतं. कपडे, खेळणी, पुस्तकं, औषधं, जे असेल ते शनिवारपर्यंत माझ्या गॅरेजमध्ये आणून टाका.

प्रेषक: एक सभासद, एडिसन

दादा, छान कल्पना! माझ्याकडे फॉर्म्युलाचे, म्हणजे बाळाच्या दूधपावडरचे, न उघडलेले सहा डबे आहेत, लेक आता वरणभात खायला लागलीय. दुधाच्या बाटल्याही आहेत. तिकडे कुपोषण फार ना, उपयोगी पडतील. सासूबाई परत गेल्या, त्यांच्या बीपीच्या गोळ्या उरल्यात. औषधाची वाफ द्यायचं मशीन, नेब्युलायझर, तोही देईन. चालेल?

प्रेषक: फार्मसीवाल्या काकू

अगं, तुझं मन चांगलं आहे म्हणून स्पष्ट लिहिते, राग मानू नकोस. डबे आणि बाटल्या नकोतच. भारतात १९९२ चा कायदा आहे, अनाथाश्रम सोडून कुणालाही हे दान करता येत नाही. आणि कायदा राहू दे बाजूला. सहा डबे किती दिवस पुरतील? महिना-दीड महिना. तोवर आईचं दूध आटलेलं असतं, पुढचा डबा घ्यायला पैसे नसतात, मग आहे त्यातच पाणी वाढत जातं. तेही न उकळलेलं.

औषधांचं मी स्वतः भोगलंय. काही वर्षांपूर्वी अशाच एका आडगावच्या दवाखान्यात गेले होते. काम राहिलं बाजूला, पहिले दोन दिवस आधीच्या पाहुण्यांनी ठेवलेली खोकी निवडत बसले. एका केशरी डबीवरचं पेशंटचं नाव मार्करने खोडलेलं, आत तीन रंगांच्या गोळ्या. दुसऱ्या डबीवर ‘ॲसिटामिनोफेन’. तिथली सिस्टर त्याच गोळीला पॅरासिटामॉल म्हणते, हे नाव तिला कुठून ठाऊक असणार? तापलेल्या पोराला दोन्ही दिल्या तर डोस दुप्पट, आणि मार लिव्हरला.

बोस्नियाच्या युद्धात, १९९२ ते ९६ मध्ये, सुमारे १७ हजार टन निरुपयोगी औषधं जाऊन पडली होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये नियम काढले: पेशंटकडून परत आलेली औषधं द्यायची नाहीत, आणि माल पोचेल तेव्हा किमान वर्षभराची मुदत उरलेली हवी. आपल्या घरातली एक डबी यात बसत असेल तर दाखवा.

नेब्युलायझर किती व्होल्टचा आहे ते मागे बघ. इथला असला तर ११० व्होल्टचा. तिथल्या २३० वर लावलास की धूर.

प्रेषक: उमरग्याचे काका

काकूंना दुजोरा. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी उमरग्याला कॉलेजात होतो. ट्रक यायचे, आम्ही पोरं उतरवून घ्यायचो. एका गठ्ठ्यात झिरझिरीत नायलॉनच्या साड्या आणि एका पायाचा बूट निघाला. दुसरा असेलच म्हणून मी अर्धा तास गठ्ठा उपसला. नव्हता. पुढे भिजून त्या कपड्यांना वास मारायला लागला, आणि ज्यांची घरं पडली होती त्यांच्याच माणसांना ते उचलून टाकावे लागले.

पुस्तकांचंही तेच. ती पोरं घरी कोरकू बोलतात, शाळेतली मराठीच त्यांना परकी. त्यात आपण बर्फातल्या अस्वलाचं इंग्रजी पुस्तक देणार.

प्रेषक: कोषाध्यक्ष

म्हणजे गाडी पैशांवर येणार, तर आधी हे वाचा. मंडळ अमेरिकेत नोंदवलेलं आहे, त्यामुळे मंडळाचा चेक ही परदेशी देणगी. तुम्ही इथलं नागरिकत्व घेतलं असेल तर तुमचीही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी, आणि धारणीत जाऊन रुपयांत दिली तरी. ती फक्त एफसीआरए (भारताचा परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेला घेता येते, तीही दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात. एका संस्थेने घेऊन दुसरीला द्यायची वाट २०२० च्या दुरुस्तीने बंद झाली. सामानही कायद्याने देणगीच, १८४ किलो ‘असंच’ उतरवून येता येत नाही.

पासपोर्ट भारतीय असेल तर गोष्ट वेगळी. स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी धरत नाहीत, भले तुम्ही वीस वर्षं इथे असा.

तेव्हा गणपतीत फिरवलेल्या डब्यातली रोकड खिशातून नेऊन तिथे कुणाच्या हातावर ठेवू नये. आपण विमानात बसून परत येतो, चौकशी त्यांच्या दारात येते. आणि हो, थेट भारतात दिलेल्या देणगीवर इथे करसवलत नाही. एप्रिलमध्ये टॅक्स रिटर्न भरताना मला फोन करू नका.

प्रेषक: चिटणीस

काल संस्थेच्या ताईंशी बोललो. हे मी आधीच करायला हवं होतं, कबूल. पहिल्यांदा म्हणाल्या, ‘तुम्ही येताय हेच खूप.’ मग म्हणाल्या, ‘काहीही चालेल.’ तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मोकळ्या झाल्या.

पाड्यांवर फिरणाऱ्या कोरकू आरोग्यसेविकांच्या मानधनाला पैसे कमी पडतात. त्यासाठी कुणी देत नाही, त्याचा फोटो निघत नाही ना. जीपच्या डिझेललाही हवेत. थंडीची ब्लँकेटं लागतील, पण ती वाटेत परतवाड्याला मिळतात. कोणत्या दुकानातून ते त्याच सांगतील, पैसेही त्याच देतील. एफसीआरए नोंदणी आहे, मुदतीतली आहे, खात्याचा तपशील कोषाध्यक्षांकडे पाठवलाय.

मग जरा अडखळत म्हणाल्या, मागच्या गटाची झोपायची सोय करताना मुलींच्या वसतिगृहातल्या गाद्या काढाव्या लागल्या होत्या. मुली तीन आठवडे सतरंजीवर झोपल्या.

तर आठही जणांनी आपापली स्लीपिंग बॅग, मच्छरदाणी आणि रोजची औषधं न्यायची आहेत. दुसरी बॅग त्यातच भरेल.

शनिवारी गॅरेजमध्ये कुणी येऊ नये. तीन खोकी आधीच आलीयत. त्यातलं अर्धं लेगो कोणाचं आहे ते कळवा आणि घेऊन जा, माझी गाडी आत लागत नाहीये.