मामाच्या टीव्हीवरच्या बारीक ओळी

मामा: टीव्हीमागचा डबा बंद पडला. सकाळपासून काळ्या पडद्यावर बारीक इंग्रजी अक्षरं येतात, ते सिनेमे-मालिका बघायचं कोडी ॲप काही उघडत नाही. दादा, तूच बसवलास, आता तूच बघ.

दादा: फोटो टाक.

मामा: 📷

दादा: मामा, हा तुझ्या गुडघ्याचा फोटो आहे.

मामा: थांब. चिनूला सांगतो.

चिनू: 📷 हा घे. शेजारचा दिवा बंद करून काढलाय, वाचता येईल.

दादा: शाब्बास. अक्षरं दिसतायत म्हणजे पाय जिवंत आहे.

नाना: कुणाचा पाय?

ताई: नाना, डब्यातल्या छोट्या संगणकाचं नाव रास्पबेरी पाय. सगळे सुखरूप आहेत 😄

मामा: त्यात 'एसडी कार्ड नॉट डिटेक्टेड' लिहिलंय बघ. कार्डच गेलं वाटतं. नवीन आणू का?

दादा: अजिबात नको. कार्ड आपणच काढून टाकलंय ना! तीन कार्डं मेली तुझ्याकडे. कोडी दिवसभर त्यावर लिहीत राहायचं आणि तू रात्री भिंतीवरचं बटण खाडकन बंद करायचास. म्हणून तर डबा नेटवर्कवरून बूट करायला, म्हणजे सुरू व्हायला लावला. त्याच ओळीच्या आसपास 'ऑर्डर एफ२१' दिसतंय? ते उजवीकडून डावीकडे वाचायचं. १ म्हणजे कार्ड बघ, २ म्हणजे नेटवर्क बघ, एफ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. कार्ड नाही मिळालं, पुढे गेला. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे.

मी: मग अडलंय कुठे?

दादा: तेच शोधतोय. चिनू, 'नेट' आणि 'टीएफटीपी' या दोन ओळी टाइप करून पाठव, फोटोत पुसट आल्यात.

चिनू: नेट अप, आयपी १९२.१६८.१.२३. टीएफटीपी ०.०.०.०.

मामा: वायफाय तर व्यवस्थित आहे हो. माझ्या फोनवर सगळं चालतंय.

दादा: मामा, वायफायचा इथे संबंधच नाही. पाय उठतो तेव्हा त्याला वायफाय माहीतच नसतं, तो फक्त केबल ओळखतो. आणि केबल ठीक आहे, नाहीतर 'नेट डाउन' आलं असतं. राउटरने आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ताही दिलाय. पण पुढचा प्रश्न तो विचारतो, 'माझ्या फाइली कुणाकडे आहेत?' त्याला उत्तर कुणीच देत नाहीये. टीएफटीपी म्हणजे त्या फाइली आणायची पद्धत, ते शून्य शून्य त्याचंच.

मी: राउटर नाही देत ते उत्तर?

दादा: घरच्या बऱ्याच राउटरमध्ये ती सोयच नसते. म्हणून कपाटावरच्या जुन्या लॅपटॉपवर डीएनएसमास्क नावाचा प्रोग्रॅम बसवलाय, प्रॉक्सी म्हणून. पत्ते वाटायचं काम राउटरचंच, लॅपटॉप फक्त मध्ये तोंड घालून सांगतो, 'फाइली माझ्याकडे आहेत.' दोघांनीही पत्ते वाटायला लागायचं नाही, नाहीतर घरभर गोंधळ. चिनू, लॅपटॉप चालू आहे ना?

चिनू: …

चिनू: बंद आहे.

मामी: मी केला बंद. काल पुसायला घेतलं तर तापलेला. दिवसरात्र जळत असतो, वापरत तर कुणी नाही!

मामा: 🤦

दादा: मामी, तुझी चूक नाही, सांगायला हवं होतं. चिनू, चालू कर आणि दोन मिनिटांनी डबा बंद-चालू कर.

ताई: तोवर माझं विचारून घेते. माझ्याकडे जुना पाय, ३ बी, पडून आहे. त्याला असं करता येईल?

दादा: येईल, पण जरा कटकट आहे. ३ बी ला आधी एकदा कार्डावरून उठवायचं, कॉन्फिग फाइलमध्ये 'प्रोग्रॅम यूएसबी बूट मोड = १' ही ओळ घालून. ते चिपमध्ये कायमचं कोरलं जातं, परत पुसता येत नाही. ३ बी प्लसमध्ये ते आधीच केलेलं असतं. शिवाय ३ बी चा बूट कोड चिपमध्येच गोठवलेला, त्यातल्या चुका दुरुस्त होत नाहीत. कधी उठतो, कधी रुसतो. तसं झालं तर कार्डावर फक्त बूटकोड डॉट बिन ही एक फाइल ठेवायची, मग सरळ वागतो. मामाकडचा ४ आहे, त्याचा कोड अपडेट करता येतो.

ताई: म्हणजे कार्ड काढायला कार्डच लागणार 🙂

दादा: हो, पण त्यावर कुणी लिहीत नाही, त्यामुळे टिकतं.

चिनू: झालं! म्हणजे अर्धं झालं. टीएफटीपीसमोर आता आकडा आला, रंगीत चौकोन दिसला, मग पांढरी अक्षरं धावली आणि थांबली. 'एरर इन माउंट फ्लॅश', 'कुड नॉट माउंट' असं काहीतरी.

मामा: बिघडवलंत आणखी!

दादा: उलट पुढे गेलोय मामा. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, पोचला. आता लिब्रइलेकला, म्हणजे कोडी चालवणाऱ्या सिस्टिमला, त्याची मोठी सिस्टिम फाइल एनएफएसवरून, म्हणजे नेटवर्कवरून वापरायच्या लॅपटॉपच्या डिस्कवरून हवीये आणि ती सापडत नाहीये.

मी: एक कळलं नाही. कर्नल त्याच लॅपटॉपवरून उचलला ना? मग त्याच लॅपटॉपवरची दुसरी फाइल कशी सापडत नाही?

चिनू: फायरवॉल असेल का?

दादा: फायरवॉल असती तर बहुधा आधीच अडलं असतं. टीएफटीपीची विनंती ६९ नंबरच्या पोर्टवर येते आणि उत्तर भलत्याच पोर्टवरून जातं, फायरवॉल बरेचदा तिथेच गडबडते. नाही, मला दुसरीच शंका आहे. चिनू, लॅपटॉपचा आत्ताचा आयपी काय?

चिनू: १९२.१६८.१.१७

दादा: सापडलं. आधी १० होता. बंद करून चालू केला, राउटरने नवा पत्ता दिला. डीएनएसमास्क स्वतःचा ताजा पत्ता सांगतं म्हणून कर्नलपर्यंत गाडी आली. पण त्यापुढचा पत्ता मी हाताने लिहून ठेवलाय, सीएमडीलाइन फाइलमध्ये. तिथे अजून १० आहे. पाय रिकाम्या घराची कडी वाजवत बसलाय.

दादा: आणि ही चूक माझी. राउटरमध्ये लॅपटॉपचा पत्ता बांधून ठेवायला हवा होता, आळस केला.

मामी: 😌

दादा: चिनू, फाइल बदलू नकोस. राउटरच्या पानावर जा, डीएचसीपीमध्ये, म्हणजे पत्ते वाटायच्या भागात, पत्ता राखून ठेवायची सोय असेल. लॅपटॉपचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा नंबर, तिथे घाल, समोर १०. मग लॅपटॉप रीस्टार्ट, मग डबा. फाइलमध्ये १७ लिहिलंस तर पुढच्या वेळी हीच वरात पुन्हा निघेल.

मामा: माझी ती मालिका अर्धी बघून झाली होती. कुठवर बघितलं ते गेलं का आता?

दादा: नाही. बूट आणि साठा, दोन्ही एनएफएसवर आहेत. तुझ्या सगळ्या खुणा लॅपटॉपच्या डिस्कवर आहेत.

चिनू: राउटरचा पासवर्ड?

मामा: खाली चिकटवलाय राउटरच्या. उलटा कर. हळू, केबल निघेल!

चिनू: केबल निघाली.

मी: 😂😂

चिनू: लावली परत.

नाना: आज काही लागणार आहे का नाही? आम्ही खुर्च्या लावून बसलोय.

चिनू: लागलं नाना! कोडी आलं. आणि बाबांची मालिका जिथे थांबली होती तिथूनच विचारतंय, पुढे चालू ठेवू का म्हणून.

मामी: लॅपटॉपचं झाकण तरी मिटलं तर चालेल का? कपाटावर तोंड वासून पडलेला असतो, धूळ जाते त्यात.

दादा: थांब थांब, आत्ता नको! मिटलं की झोपतो तो. चिनू, लॉगिनडी डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये 'हँडल लिड स्विच' समोर 'इग्नोर' लिही, ओळीच्या सुरुवातीची # खूण काढायला विसरू नकोस आणि लॅपटॉप पुन्हा एकदा रीस्टार्ट कर.

नाना: पुन्हा बंद करणार?

चिनू: दोन मिनिटं नाना.

चिनू: केलं. आई, मिट आता.

मामा: झाकण मिटलंय, मालिका चालू आहे. फोन ठेवतो.